पुतळीची पारख

महाराष्ट्रांतील जुन्या घराण्यांत कपाटाच्या चोरकप्प्यांतून किंवा देवघरांतल्या डब्यांतून अजूनहि क्वचित् पुतळ्यांची माळ निघते. रेशमी गोफांत ओंवलेल्या पातळ, पिवळ्याजर्द चकत्या. प्रत्येकीवर कसल्याशा दोन आकृति. आणि सोबत वडील माणसांनीं सांगितलेली एखादी कथा. ही माळ बाहेर निघते ती बहुधा लग्नकार्याच्या दिवशीं, नाहीं तर वाटणीच्या किंवा अडचणीच्या दिवशीं. लग्नांत तिचें कौतुक होतें आणि ती पुन्हा डब्यांत जाते, पण वाटणीच्या वेळीं "ह्या खऱ्या आहेत कीं नाहींत?" असा प्रश्न हटकून निघतो. मग सोनारास बोलावणें जातें. तो एक पुतळी कसोटीवर घांसतो, तेजाबाचा थेंब टाकतो, सगळी माळ तराजूंत घालतो आणि मोडीचा भाव सांगतो. प्रश्नाचें उत्तर मिळालें असें सर्वांस वाटतें. वास्तविक त्यानें उत्तर दिलेलें असतें तें सोन्याविषयीं. नाण्याविषयीं त्यास कोणीं विचारलेलेंच नसतें, आणि विचारलें असतें तरी तें कसोटीच्या दगडावरून सांगतां येण्यासारखें नाहीं. मुशींत एकदां गेलेलें नाणें परत येत नाहीं. म्हणून मोड करण्यापूर्वीं पुतळीची पारख कशी करावी, आणि त्या पारखींत 'खरी' ह्या शब्दाचा अर्थ काय, ह्याचा थोडा विचार करणें अवश्य आहे.

प्रथम पुतळी म्हणजे काय तें पाहूं. आज हें नांव दागिन्याचें झालें असलें, तरी मूळ तें एका परकीय नाण्याचें आहे. इटलींतील व्हेनिस ह्या व्यापारी लोकसत्ताकानें १२८४ सालीं, जोव्हान्नी दांदोलो हा तेथील अधिपति असतांना, सोन्याचें एक नाणें पाडण्याचा ठराव केला. फ्लॉरेन्स शहराचें फ्लोरिन हें सोन्याचें नाणें १२५२ पासून चालू होतें. त्याच्या तोडीचें आपलें नाणें असावें हा त्यांतला हेतु. एक मार्क वजनाच्या सोन्यांतून ६७ नाणीं काढावयाचीं, आणि सोनें त्या काळच्या विद्येस जितकें शुद्ध करतां येईल तितकें शुद्ध ठेवावयाचें, असा नियम ठरला. ह्यालाच डुकाट म्हणतात. त्याच्या एका बाजूस व्हेनिसचा संरक्षक संत मार्क उभा असून त्याच्यासमोर गुडघे टेकलेला अधिपति त्याच्या हातून ध्वज घेत आहे. दुसऱ्या बाजूस बदामी आकाराच्या प्रभावळींत ताऱ्यांनीं वेढलेला ख्रिस्त उभा आहे. ह्या दुसऱ्या बाजूच्या लॅटिन लेखाचा आशय असा, कीं हे ख्रिस्ता, ज्यावर तूं राज्य करतोस तें हें राज्य तुलाच अर्पण असो. अधिपति बदलला कीं पहिल्या बाजूवरचें नांव बदले. बाकी चित्र, वजन आणि कस हीं जवळजवळ तशींच राहत. १२ मे १७९७ रोजीं नेपोलियनच्या धाकानें व्हेनिसच्या महासभेनें स्वतःचें विसर्जन केलें, तेव्हां हें नाणें पांचशे वर्षांहून अधिक काळ चालू होतें. त्या दिवशीं पुण्यांत दुसऱ्या बाजीरावास पेशवाईचीं वस्त्रें मिळून वर्षहि झालेलें नव्हतें. पुढें कांहीं काळ ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या नांवानेंहि हा छाप चालला.

ह्या नाण्याचें दुसरें नांव झेक्किनो. व्हेनिसच्या टांकसाळीस झेक्का म्हणत, आणि हा शब्द अरबी 'सिक्का' ह्या शब्दावरून आलेला आहे. म्हणजे आपल्याकडे शिक्का म्हणून रूढ झालेला शब्द पश्चिमेकडे जाऊन झेक्किनो झाला, आणि त्या नाण्यावर बसून समुद्रमार्गें पुन्हा आपल्या किनाऱ्यास लागला. मुंबईकडील जुन्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या बोलण्यांत चिकीन असें त्याचें रूप आढळतें.

व्हेनिसचें सोनें हिंदुस्थानांत येण्याचें कारण मिरीं, सुंठ, दालचिनी, कापड आणि रत्नें. ह्या जिनसा अलेक्झांड्रियाच्या बाजारांत व्हेनिसचे व्यापारी घेत, आणि त्यांचें मोल म्हणून दिलेलें सोनें तांबड्या समुद्रांतून पूर्वेकडे सरकत येई. इजिप्तच्या बाजारांत ह्या नाण्याचा दरारा एवढा वाढला, कीं तेथील सुलतान अल् अश्रफ बार्स्बाय ह्यानें १४२५ सालीं आपलें स्वतःचें सुवर्णनाणें त्याच्या वजनाच्या जवळ आणून ठेवलें. आपल्याकडील अशरफी हा शब्द ह्याच सुलतानाच्या नांवावरून आला आहे. भडोच येथें १८८२ सालीं जो ठेवा सांपडला, त्यांत इजिप्तच्या नाण्यांबरोबर व्हेनिसचीं नाणींहि होतीं. शिवछत्रपतींच्या खजिन्यांतील सुवर्णनाण्यांची जी याद सभासदानें आपल्या बखरींत दिली आहे, तींत होन आणि मोहोरा ह्यांच्या जोडीस पुतळ्याहि मोजलेल्या आहेत. त्या याद लिहिणारास मार्क कोण आणि व्हेनिस कोठें हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. नाण्यावर माणसांच्या आकृति आहेत, म्हणून ती पुतळी. एवढें नांव त्यास पुरेसें झालें. दक्षिणेंत तर ह्याच चित्रांत, ध्वजाच्या काठीपाशीं गुडघे टेकून असलेल्या अधिपतीच्या ठायीं, माडास बिलगलेला ताडी काढणारा लोकांस दिसला, आणि नाण्यास शाणार काशु हें नांव पडलें.

ज्या नाण्यावर लोकांचा विश्वास बसतो त्याची नक्कल होतेच. ऱ्होड्स बेटावरील सेंट जॉनच्या सरदारांनीं व्हेनिसचेंच चित्र घेऊन त्यावर आपल्या प्रमुखाचें नांव घातलें. आपल्या देशांत ही रीत त्याहूनहि जुनी आहे. रोमन बादशहांचीं सुवर्णनाणीं दक्षिण हिंदुस्थानांत येऊं लागलीं, तेव्हां त्यांच्याहि नकला येथें झाल्या, आणि त्यांतील पुष्कळ आज संग्रहालयांत अस्सल नाण्यांशेजारीं ठेवलेल्या आहेत. पुतळीचेंहि तेंच झालें. अस्सल नाणीं येईनाशीं झाल्यावरहि माळांची हौस राहिली. मग येथल्याच कारागिरांनीं सोन्याच्या चकत्यांवर तोच छाप आपल्या समजुतीप्रमाणें उठविला. ज्यांस लॅटिन अक्षरें वाचतां येत नव्हतीं त्यांनीं तीं चित्रासारखीं उतरविलीं; म्हणून नकलांवर लेखाच्या जागीं नुसत्या उभ्या काठ्या, उलटीं अक्षरें किंवा टिंबांच्या ओळी दिसतात. संत मार्काचा झगा धोतरासारखा झाला, अधिपतीची टोपी पागोट्याकडे झुकली, आणि दोघांचीं तोंडें आपल्याकडील देवळांतल्या मूर्तींसारखीं झालीं.

तेव्हां पुतळी खरी कीं खोटी, असा दुहेरी प्रश्न विचारणें हीच पहिली अडचण आहे. पुतळ्या निदान चार जातींच्या असूं शकतात. पहिली जात व्हेनिसच्या टांकसाळींत पाडलेल्या अस्सल नाण्यांची. दुसरी जात जुन्या अनुकृतींची. ह्या व्यवहारासाठीं किंवा माळेसाठीं प्रामाणिकपणें केलेल्या असून त्यांचें सोनें पुष्कळदां उत्तम असतें. तिसरी जात केवळ दागिन्याच्या पुतळ्यांची. ह्या पातळ पत्र्यावर ठसा दाबून केलेल्या असतात, आणि नाणें म्हणून त्या कधींच चालल्या नाहींत. चौथी जात बनावट नाण्यांची. ह्या संग्राहकास फसविण्याच्या हेतूनें अलीकडे केलेल्या असतात. ह्यांतली एकटी चौथी जात खोटी म्हणण्यास पात्र आहे. दुसरीस आणि तिसरीस खोटी म्हणणें म्हणजे आपल्याच पूर्वजांवर नसता आळ घेणें होय.

आतां परीक्षेकडे वळूं. पहिली परीक्षा कसाची. ती आपल्या देशांत किती जुनी आहे हें कौटिल्याच्या अर्थशास्त्रावरून दिसतें. त्यांत कसोटीचा दगड कलिंगाकडील, मुगाच्या रंगाचा असल्यास उत्तम असें सांगितलें आहे. सोळा वर्णांच्या सोन्याची प्रतवारी दिली आहे. आणि हिंगूळ किंवा हिराकसासारखें द्रव्य गोमूत्रांत भिजवून बोटास फांसलें, तर त्या बोटाच्या स्पर्शानें सोनें फिकें पडतें, ही लबाडीहि नोंदलेली आहे. म्हणजे परीक्षा सोन्याची असली तरी लक्ष परीक्षकाच्या हाताकडेहि ठेवावें लागे! कसोटीवरील रेघ आणि तिच्यावरचें तेजाब ह्यांवरून बावीस कॅरटचें सोनें शुद्ध सोन्यापासून वेगळें ओळखतां येतें. अस्सल पुतळीचें सोनें जवळजवळ निर्भेळ असल्यामुळें तिची रेघ बावनकशी सोन्याच्या शेजारीं ठेवली असतां कमी उतरूं नये. उतरली, तर ती पुतळी व्हेनिसची नव्हे असें बहुतेक निश्चित म्हणतां येईल. पण रेघ उत्तम आली म्हणजे ती व्हेनिसची ठरली, असें मात्र होत नाहीं. हा भेद वाचकांनीं नीट ध्यानांत धरावा. कारण पुढील प्रत्येक परीक्षेस तो लागू आहे. परीक्षा नापास करूं शकते. एकटी परीक्षा पास करूं शकत नाहीं.

दुसरी परीक्षा वजनाची. अस्सल नाणें सुमारें साडेतीन ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें साडेतीन माशांहून किंचित् अधिक भरतें. दोन-तीन पिढ्या गळ्यांत वावरलेलें नाणें थोडें झिजलेलें असणार, म्हणून थोडी घट क्षम्य आहे; वाढ मात्र संशयास्पद. येथें एक गोष्ट हमखास विसरली जाते. माळेंतील पुतळ्यांस बहुधा नाकें जोडलेलीं असतात, आणि तीं जोडण्यास डाक लागतो. डाकाचें सोनें हिणकस असतें, कारण तें मूळ नाण्याच्या आधीं वितळावें लागतें. नाक्यासकट वजन केलें तर तें फुगतें. आणि नाक्याजवळ कस घेतला तर तो उतरतो. अशा रीतीनें अस्सल नाणें हलकें ठरून मोडीत गेल्याचें आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. कस घ्यावयाचा तर तो डाकापासून दूर, कडेवर घ्यावा. तोहि जाणत्या माणसाच्या समक्ष, कारण प्रत्येक घांसणीनें नाण्याचें थोडें तरी नुकसान होतेंच.

वजनाच्या जोडीस पाण्यांतील वजन घेतां येतें. ही आर्किमिडीजची जुनी युक्ति. शुद्ध सोनें पाण्याच्या १९.३ पट जड. म्हणून साडेतीन ग्रॅमचें शुद्ध नाणें पाण्यांत टांगलें असतां त्याचें वजन सुमारें ०.१८ ग्रॅमनें कमी भरतें. तेंच बावीस कॅरटचें असेल तर घट सुमारें ०.२० ग्रॅम होते. फरक दोन शतांश ग्रॅमहूनहि कमी असल्यामुळें त्यास चांगला नाजूक तराजू पाहिजे, आणि नाण्यास चिकटलेला हवेचा एखादा बुडबुडा सगळा हिशेब बिघडवितो. शिवाय टंगस्टन हा धातु जवळजवळ सोन्याइतकाच जड आहे, त्यामुळें केवळ जडपणावर विसंबतां येत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत स्पेनच्या सुवर्णनाण्यांच्या नकला चक्क प्लॅटिनमवर सोन्याचा मुलामा देऊन केल्या जात. त्या काळीं प्लॅटिनम सोन्याहून स्वस्त होतें. आज क्षकिरणांच्या यंत्रानें धातूंचें प्रमाण क्षणांत आणि नाण्यास ओरखडा न काढतां समजतें. परंतु तें यंत्र पृष्ठभागाचा अगदीं पातळ थर तेवढा वाचतें, हेंहि विसरूं नये.

तिसरी परीक्षा घडणीची. व्हेनिसचीं जुनीं नाणीं हातानें ठोकून पाडीत. खालीं एक ठसा, वर दुसरा, मध्यें सोन्याची चकती आणि वरून हातोड्याचा घाव. अशा घावानें धातु ठशाच्या खांचांत शिरतो. त्यामुळें अक्षरांच्या कडा स्वच्छ उठतात, परंतु नाण्याची कड सहसा अगदीं वाटोळी नसते आणि छाप थोडासा एकीकडे सरकलेला असतो. उलट अस्सल नाण्यावरून सांचा घेऊन ओतलेल्या नाण्यांत अक्षरांच्या कडा विरलेल्या, जमीन बारीक खड्ड्यांची आणि कडेवर सांध्याची रेघ किंवा ती कानशीनें घांसल्याच्या खुणा दिसतात. ह्याहून निर्णायक पुरावा दोन नाणीं शेजारीं ठेवल्यावर मिळतो. हातानें ठोकलेल्या नाण्यांत एकाच ठशाचीं दोन नाणीं असलीं तरी प्रत्येक घाव वेगळा, म्हणून छाप प्रत्येकावर निराळा सरकलेला असतो. दोन पुतळ्यांवर छाप तंतोतंत एकाच जागीं सरकलेला असेल आणि एकच ओरखडा दोहोंवरहि असेल, तर त्या एकाच आईच्या पोटच्या आहेत. निदान एक तरी ओतीव आहे.

चौथी परीक्षा लेखाची, आणि शिकलेल्या माणसास घरबसल्या करतां येण्यासारखी हीच आहे. एक चांगलें भिंग घ्यावें. उभ्या ध्वजाच्या काठीलगत अधिपति ह्या अर्थाचीं डी, व्ही, एक्स हीं तीन रोमन अक्षरें एकाखालीं एक असतात. संताच्या बाजूस त्याचें नांव व्हेनिसच्या नांवासह संक्षेपानें येतें, आणि अधिपतीच्या पाठीमागें अधिपतीचें. हें नांव वाचतां आलें कीं नाण्याचा काळ कळतो. आंद्रेआ दांदोलो असेल तर तें १३४३ ते १३५४ मधलें. मिकेले स्तेनो असेल तर १४०० ते १४१३ मधलें. पाओलो रेनिएर असेल तर १७७९ ते १७८९ मधलें. लुदोविको मानिन असेल तर शेवटच्या आठ वर्षांतलें. मात्र एकाच नांवाचे अनेक अधिपति झाले आहेत. अल्विसे मोचेनिगो ह्या नांवाचे तर चार होते; पहिला १५७० त गादीवर आला आणि चौथा १७७८ त वारला. तेव्हां नुसत्या नांवावर न थांबतां अक्षरांचें वळण आणि चित्रकाम हीं त्या त्या काळच्या निर्विवाद नाण्यांशीं ताडून पाहावीं लागतात. लेख वाचतांच येत नसेल, किंवा अक्षरें आरशांतल्यासारखीं उलटीं असतील, तर पुतळी बहुधा आपल्याकडचीच अनुकृति आहे. आणि लेख अगदीं स्वच्छ, नांव मारिनो फालिएरोसारख्या एकच वर्ष टिकलेल्या अधिपतीचें, पण सोनें हिणकस, असा मेळ दिसला तर सावध व्हावें. दुर्मिळ नांव घेणें ही बनावट करणाराची जुनी संवय आहे.

पांचवी परीक्षा वागणुकीची, म्हणजे नाणें आपल्यापर्यंत कसें आलें त्याची. तिचें महत्त्व कळण्यास जर्मनींतील कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२ ते १८३०) ह्याचें उदाहरण पुरे. हा मनुष्य ठसे खोदण्यांत इतका निष्णात होता, कीं त्याचे ठसे आज बर्लिनच्या संग्रहालयांत जपून ठेवले आहेत. तो कित्येकदां झिजलेलीं, स्वस्त, पण खरोखर प्राचीन नाणीं घेऊन त्यांवर दुर्मिळ नाण्याचा छाप ठोकी. त्यामुळें धातु खरा, जुनेपणा खरा आणि घडण ठोकीव. फक्त छाप तेवढा बेकरचा. नव्या चकाकीवर जुनेपणाची कळा यावी म्हणून तो नाणीं लोखंडाच्या किसांत घालून आपल्या गाडीस बांधून फिरवी, असें सांगतात. अशा माणसापुढें कस, वजन आणि घडण ह्या तिन्ही परीक्षा हात टेकतात. राहतो तो ठशांचा परस्पर ताळा, आणि नाण्याचा पूर्ववृत्तांत. म्हणून माळेबरोबर एखादी जुनी याद, गहाणखत, स्त्रीधनाची यादी किंवा वाटणीपत्र असेल, तर तो कागद पुतळीइतकाच जपावा. कथा मात्र कागदाच्या बरोबरीस बसवूं नये. "पेशव्यांनीं दिलेल्या" म्हणून सांगितलेल्या माळेंत ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या नांवाची पुतळी निघाली, तर कथेचा काळ पुन्हा तपासावाच लागेल.

ह्या सर्व परीक्षा एकत्र कशा लावाव्या तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. समजा, नाकें काढलेली एक पुतळी सव्वातीन ग्रॅम भरली, कस उत्तम, ठोकलेली, परंतु लेखाच्या जागीं नुसत्या काठ्या आणि संताच्या अंगावर उपरण्यासारखें वस्त्र. कस म्हणतो सोनें चांगलें. वजन म्हणतें थोडें कमी. घडण म्हणते जुन्या रीतीची. लेख म्हणतो व्हेनिसची नव्हे. चौघांची साक्ष परस्परविरुद्ध दिसली तरी ती तशी नाहीं. ही दुसऱ्या जातीची पुतळी आहे: येथेंच, येथल्या कारागिरानें, चांगल्या सोन्याची आणि प्रामाणिकपणें केलेली. बाजारांत तिला व्हेनिसच्या पुतळीचा भाव येणार नाहीं. पण इतिहासास ती कमी मोलाची नाहीं. व्हेनिसचीं अस्सल नाणीं यूरोपांतील संग्रहांत विपुल आहेत, आणि त्यांचीं अधिपतिवार पुस्तकेंहि आहेत. उलट आपल्या सोनारांनीं परक्या चित्राचा काय अर्थ लावला, कोणत्या काळीं आणि कोणत्या प्रांतीं, ह्याची साक्ष देणाऱ्या ह्या अनुकृति मात्र मोडीच्या भावानें मुशींत जात आल्या, कारण त्यांवर 'खोट्या' असा शेरा पडला.

ज्या घरांत अशी माळ आहे त्यांनीं म्हणून एवढें तरी करावें. पुतळ्या मोडण्यापूर्वीं प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंचें स्वच्छ छायाचित्र घ्यावें, नाकें आहेत कीं नाहींत तें लिहून वजन नोंदावें, वाचतील तीं अक्षरें उतरून ठेवावीं, आणि शक्य तर नाणकशास्त्र जाणणाऱ्या एखाद्या संग्रहालयास दाखवावें. नाणीं चकचकीत करण्यासाठीं घांसूं किंवा आम्लांत टाकूं नयेत. आणि माळ वारशानें आलेली नसून पुतळ्या शेतांत किंवा पायांत खणतांना सांपडल्या असतील, तर निखात निधीच्या १८७८ च्या कायद्याप्रमाणें, त्यांची किंमत दहा रुपयांहून अधिक असल्यास, जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें भाग आहे, हेंहि ध्यानांत असावें. एवढें झाल्यावर अडचणीसाठीं माळ विकावी लागली तरी हरकत नाहीं. गरजेच्या वेळीं उपयोगीं पडावी म्हणूनच ती आजीपणजीनें जमविली होती. तिचें सोनें पुढच्या घरीं जाईल. पण समुद्रापलीकडच्या एका गांवाचा छाप आपल्या घरांत कसा आला, आणि आपल्या माणसांनीं त्याचें काय केलें, एवढी हकीकत तरी मागें राहील.